वाईट न वगळता चांगलं: ‘स्मृतिचित्रे’ आज वाचताना

सकाळी फोन उघडला की फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलेलं असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, माणसांमधलं चांगलं तेवढं बघा. त्याच फोनवर अर्ध्या तासाने एखादं रील येतं: समोरच्यात ही पाच लक्षणं दिसली तर एक मिनिटही थांबू नका, नातं तोडा. पहिला सल्ला आत्या-काकांच्या पिढीचा आणि दुसरा आपल्या पिढीचा, असं आपण समजतो. पण नीट पाहिलं तर दोन्ही सल्ल्यांची सोय एकच आहे. पहिल्यात माणसाचं वाईट मोजायचं नाही, दुसऱ्यात चांगलं मोजायचं नाही. अख्खा माणूस एकाच वेळी समोर ठेवून बघण्याचा त्रास दोन्हींत वाचतो.

हा त्रास कुणी घेतला तर काय होतं, हे बघायचं असेल तर एक मराठी पुस्तक आहे. ते नव्वदेक वर्षांपूर्वीचं आहे, पण बोलीसारखं सरळ लिहिलेलं असल्यामुळे फोनवर वाचायची सवय असलेल्यांनाही अडत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा गमतीदार उतारा तुम्ही वाचला असेल, आणि ‘विनोदी आजीबाईंच्या आठवणी’ असा शिक्का मारून पुढे गेला असाल. मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र कोणतं असं विचारलं की बहुतेक जाणकार याच पुस्तकाचं नाव घेतात, तेही आपण ऐकलेलं असतं. पण या पुस्तकाचं मोठेपण ‘प्रांजळपणा’ आणि ‘विनोद’ या दोन शब्दांत उरकलं जातं. मला वाटतं, त्याच्या मुळाशी तिसरीच गोष्ट आहे. ज्या माणसांनी आपल्याला दुखावलं त्यांच्यातलं चांगलं बघायचं, हा निर्णय लक्ष्मीबाईंनी घेतला आहे आणि तो घेताना दुखावल्याची एकही नोंद खोडलेली नाही. हे कसं जमलं, कुठे जमलं नाही, आणि आपल्याला ते का हवं, याबद्दल हा लेख आहे.

बाई, गाव, पुस्तक

आधी थोडी माहिती. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. हे लोकमान्य नव्हेत. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे, पुढे ‘रेव्हरंड’ झालेले टिळक. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चित्पावन ब्राह्मण घरातला, संस्कृत येणारा, नाव असलेला माणूस ख्रिस्ती झाला, तेव्हा महाराष्ट्रात खळबळ उडाली. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा होता. नवऱ्याने हे पाऊल त्यांना विश्वासात घेऊन उचललेलं नव्हतं.

त्यानंतरची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळकांचं ठिकाण झालं अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे काम सुरू केलं होतं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं आणि पुढे टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. लक्ष्मीबाई शेवटी मुलाला घेऊन नगरला आल्या, सुरुवातीला आपलं सोवळं-ओवळं सांभाळून वेगळं बिऱ्हाड करून राहिल्या, आणि १९०० साली राहुरीत त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या सगळ्या उलथापालथीचं मधलं आणि सगळ्यांत दाट पर्व नगर-राहुरीच्या मातीत घडलं आहे.

टिळक १९१९ साली गेले. मुलाला, देवदत्त टिळकांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून लक्ष्मीबाई लिहू लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर वाचायला शिकलेली बाई. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो मुलाने पुरा केला.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिहायला बसल्या तेव्हा नवरा जाऊन वर्षं झाली होती. सासरे, वडील, बहुतेक थोरली माणसं नव्हती. उलट उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. लेखणी एकट्या त्यांच्या हातात होती. सूड घ्यायचा असता तर याहून चांगली वेळ नव्हती, आणि आरती ओवाळायची असती तरीही.

नानांचं सोवळं

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडाच्या संदर्भात फाशी झाली होती. त्या प्रसंगानंतर नानांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं, असं लक्ष्मीबाई सांगतात. ते इतकं वाढलं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. मीठसुद्धा. धुतलेल्या मिठाचं काय होतं, हे सांगायला नको. या सोवळ्याचा भार अर्थातच नानांवर नव्हता. तो घरातल्या बायकांवर आणि पोरांवर होता.

आजचा लेखक इथे काय करेल? एक तर ‘बालपणीचा आघात’ म्हणून वडिलांना दोषी ठरवेल, किंवा ‘जुन्या पिढीची श्रद्धा’ म्हणून पांघरूण घालेल. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. त्या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवतात. हे वेड कुठून आलं, वेडाने घरादाराला काय भोगायला लावलं, आणि ते किती हास्यास्पद होतं. फाशीचा प्रसंग आधी आल्यामुळे वाचणाऱ्याला नानांची भीती कळते. घरच्यांचे हाल तपशिलात आल्यामुळे त्या भीतीची किंमत कुणी मोजली, तेही कळतं. आणि आपण हसतो, तेव्हा ते हसू नानांना माणसांच्या पंगतीत परत आणून बसवतं. ते राक्षस होत नाहीत, ऋषीही होत नाहीत. एका धक्क्यातून न सावरलेला, स्वतःच्या घराला छळणारा एक घाबरलेला माणूस, असं त्यांचं चित्र उरतं.

पुढच्या सगळ्या पुस्तकाची रीत इथेच ठरून जाते. चांगलं दाखवायचं म्हणून वाईट कमी करायचं नाही. कारण सांगायचं, पण कारणाला माफीनामा होऊ द्यायचं नाही. नानांच्या वागण्यामागची भीती समजली म्हणून धुतलेलं मीठ गोड लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

टिळकांचा हिशेब

खरी कसोटी अर्थातच टिळक. या माणसाविरुद्धचा कागद फार भक्कम आहे. ते तापट होते. न सांगता घर सोडून जायचे, आणि कुठे गेले हे दिवसच्या दिवस कळायचं नाही. हातात पैसा टिकायचा नाही. आला तो कुणाला तरी दिला जायचा, आणि चूल कशी पेटायची हा प्रश्न बायकोचा असायचा. नोकऱ्या बदलत, गावं बदलत संसार फिरत राहिला. आणि मग १८९५. त्या काळात नवरा धर्म बदलतो म्हणजे बायकोच्या पायाखालची सगळी जमीन जाते. ती ना सवाशीण, ना विधवा. माहेरचा, सासरचा, शेजारचा, प्रत्येकाचा तिच्याबद्दल एक सल्ला असतो. त्या काळात बहिणीने आणि मेहुण्यांनी दिलेला आधार लक्ष्मीबाई जपून नोंदवतात, आणि स्वतःच्या मनाची झालेली दशाही लपवत नाहीत.

हे सगळं वाचून आपल्या मनात टिळकांबद्दल राग साचतो. साचायलाच हवा, कारण लक्ष्मीबाईंनीच तो साचवला आहे. आता चांगुलपणा कसा येतो, ते बघा. तो विशेषणांतून येत नाही. ‘ते मनाने फार थोर होते’ असं म्हणून त्या आपल्याला गप्प बसवत नाहीत. चांगुलपणा कृतीतून येतो, आणि बरेचदा ज्या सवयीने घर बुडवलं त्याच सवयीतून येतो. खिशातला पैसा देऊन टाकणारे टिळक घरखर्चाच्या बाजूने बघितले तर बेजबाबदार आहेत. दुष्काळात अनाथ झालेल्या पोरांच्या बाजूने बघितले, तर तेच टिळक त्यांना घरात घेणारे आहेत. लक्ष्मीबाईंनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, कारण ती पोरं जेवायला बसायची तेव्हा वाढणाऱ्या त्याच होत्या.

सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण नगरचं आहे. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. त्या आपलं पाणी, आपली चूल, आपलं सोवळं घेऊन आल्या होत्या. आणि ज्या माणसाने स्वतःचं धर्मांतर बायकोला न विचारता केलं होतं, त्याच माणसाने बायकोवर धर्मांतराची सक्ती केली नाही. तिचं वेगळं बिऱ्हाड, तिचे नेम, तिचा नकार, हे सगळं त्यांनी चालू दिलं. जी चूक १८९५ साली केली, ती पुन्हा केली नाही. लक्ष्मीबाई हे मोठ्या घोषणेने सांगत नाहीत. दिवस कसे गेले, एवढंच सांगतात. पण वाचताना आपल्या लक्षात येतं की हा माणूस बदलला आहे, आणि तो बदल बघायला ती तिथे होती. कायमची पाठ फिरवली असती तर तिला तो दिसला नसता. म्हणून तिने पाठ फिरवायला नको होती, असा याचा अर्थ मी काढत नाही. तिला जे दिसलं ते खरं होतं, एवढंच म्हणतो.

एक छोटी गोष्ट भाषेची. लक्ष्मीबाई नवऱ्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. त्या काळातल्या बाईने नवऱ्याचा उल्लेख असा सरळ आडनावाने करणं आजही वाचताना खटकतं, आणि बरं वाटतं. त्या एका शब्दाने हवं तेवढं अंतर मिळतं. ‘टिळक’ म्हटलं की तो आपला नवरा असतोच, शिवाय बाहेरच्या जगातला, लोकांनी ज्याच्या कविता वाचल्या असा एक माणूसही असतो. बायको म्हणून दुखावलेली बाई आणि त्या माणसाकडे बाहेरून बघू शकणारी लेखिका, दोघींना एकाच वाक्यात जागा मिळते.

दोन शेजारणी

तुलनेसाठी आणखी दोन पुस्तकं घेऊ. दोन्ही नामवंत नवऱ्यांच्या बायकांची. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातली कोंडी, सासरच्या बायकांचा जाच, इंग्रजी शिकताना झालेली ओढाताण, हे सगळं त्यात आहे आणि ते मोलाचं आहे. पण रानडे स्वतः त्यात देव्हाऱ्यात बसलेले आहेत. त्यांच्यातलं चांगलं बघायला रमाबाईंना काही निवडावं लागत नाही, कारण दुसरं काही बघायची परवानगी त्यांनी स्वतःला दिलेलीच नाही. श्रद्धेने लिहिलेलं पुस्तक म्हणून ते थोर आहे. पण आपण ज्या प्रश्नावर बोलतोय, तो तिथे उभाच राहत नाही.

दुसरं टोक सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’चं. १९९० साली ते आलं तेव्हा पुलंवर प्रेम करणारा महाराष्ट्र दचकला. घराघरात हसू वाटणाऱ्या माणसाच्या घरात बायको म्हणून राहणं कसं होतं, हे तिने स्पष्ट लिहिलं होतं. त्या पुस्तकाची ताकद त्याच्या कठोरपणात आहे, आणि तो कठोरपणा सुनीताबाई स्वतःवरही वापरतात. तरी तिथे लेखिका जवळजवळ सतत न्यायाधीशाच्या खुर्चीत आहे. माणूस समोर आला की निकाल येतो.

लक्ष्मीबाई देव्हाराही मांडत नाहीत आणि न्यायालयही भरवत नाहीत. त्या ओसरीवर बसून बोलतात. ओसरीवर माणसाची फजिती सांगता येते, त्याने केलेला अन्याय सांगता येतो, आणि मग त्याच माणसासाठी चहाही टाकता येतो. या तिघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. पण ‘दुसऱ्यातलं चांगलं बघणं’ हे कौशल्य म्हणून शिकायचं असेल, तर ते ओसरीवर शिकता येतं. देव्हाऱ्यात त्याची गरज पडत नाही आणि न्यायालयात त्याला वेळ नसतो.

स्वतःच्या डोळ्यांतलं

इथवर आपण बोललो ते लक्ष्मीबाईंना दुखावणाऱ्यांबद्दल. पण पुस्तकाचा नगर-राहुरीचा भाग वेगळाच प्रश्न विचारतो. ज्यांनी आपलं काहीच वाईट केलेलं नाही, तरी ज्यांच्यातलं चांगलं आपल्याला दिसत नाही, त्यांचं काय?

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार आणि मांग समाजातून आलेला होता. मिठाला बाट लागतो असं मानणाऱ्या घरात वाढलेली बाई आता या माणसांच्या शेजारी राहत होती. त्यांच्या सावलीचा विचार करत होती, पाणी वेगळं ठेवत होती. लक्ष्मीबाई आपलं हे वागणं मागे वळून सांगताना अजिबात सजवत नाहीत. जो विनोद त्यांनी नानांवर केला, तोच स्वतःवर करतात. वडिलांचं सोवळं वेड होतं आणि माझं मात्र धर्म होता, अशी सवलत त्या घेत नाहीत.

हा बदल हळूहळू होतो. आधी विचार, मग पाणी, मग जेवण, मग पंगत. बराच विचार करून त्या अशा ठिकाणी पोचतात की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला असूच शकत नाही. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. धर्म बदलला म्हणून माणसं चांगली दिसू लागली, असं झालं नाही. माणसं दिसू लागली, आणि मग बाकीचं झालं.

आणि त्यासाठी त्यांना काहीतरी सोडावं लागलं. ‘चांगलं बघा’ या सल्ल्यात ही गोष्ट कधीच सांगितलेली नसते. शेजारणीतलं चांगलं दिसण्यासाठी लक्ष्मीबाईंना आपण तिच्याहून वर आहोत ही खात्री सोडावी लागली. ती खात्री हाच त्यांचा जन्मापासूनचा आधार होता, आणि नवरा गेल्यासारखा झाला होता त्या वर्षांत तर तो एकमेव आधार होता. आपल्यापेक्षा खालचा ठरवलेल्या माणसात चांगलं बघणं फुकट होत नाही. आपली उंची द्यावी लागते.

याच घरात पुढे एक कवी राहायला आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरेंनी कविता म्हटली आणि ते ‘बालकवी’ झाले. नंतर टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी आणलं. बालकवी म्हटलं की आपल्याला श्रावण आणि निर्झर आठवतो. लक्ष्मीबाईंना आठवतं ते एक हळवं, लहरी, रुसणारं, घरातल्यांशी भांडणारं पोर. त्यांनी त्याला कवी म्हणून मखरात बसवलं नाही आणि लहरी म्हणून हाकललंही नाही. घरात एक पोर वाढलं, इतक्या साधेपणाने त्याला घरात सामावून घेतलं. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मराठी कवितेच्या इतिहासात त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ते घरात कसे वावरायचे, हे कळायला आपल्याला लक्ष्मीबाईंच्या ओसरीवरच यावं लागतं.

मग बाईनेच का?

आता आक्षेप. तो तुमच्या मनात मघापासून असेल.

नवरा न सांगता जातो, पैसे उडवतो, धर्म बदलतो, आणि शेवटी बायको त्याच्यातलं चांगलं शोधते. ही तर आपल्याकडची सगळ्यांत जुनी गोष्ट आहे. ‘स्वभावाला औषध नाही’, ‘मनाने वाईट नाही रे तो’, ‘तूच समजून घे’. घरोघरी हे बायकांनाच सांगितलं जातं, आणि ऐकता ऐकता त्यांची आयुष्यं संपतात. चांगलं बघण्याचं काम नेहमी ज्याच्याकडे कमी ताकद आहे त्याच्याकडेच का येतं?

हा आक्षेप खरा आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ त्यातून पूर्ण सुटत नाही. काही ठिकाणी हसू फार लवकर येतं. एखादा प्रसंग असा असतो की आपल्याला तिथे थांबून चिडायचं असतं, आणि लक्ष्मीबाई आपल्याला पुढच्या फजितीकडे घेऊन जातात. विनोद तिथे जखम दाखवतो की झाकतो, हे ठरवणं कठीण जातं. आणखी एक गोष्ट. त्यांच्या घरात आलेली अनाथ मुलं, मदतीला असलेली माणसं, हे सगळे आपल्याला त्यांच्या प्रेमळ नजरेतूनच दिसतात. त्या मुलांनी लिहिलं असतं तर या घराचं चित्र कसं दिसलं असतं, हा प्रश्न पुस्तक स्वतःला विचारत नाही.

तरी एक फरक करावा लागतो. ‘समजून घे’ असं सांगणाऱ्याला तक्रार ऐकायची नसते. त्याला घर शांत हवं असतं. लक्ष्मीबाईंनी तक्रार आधी ऐकवली आहे, तीही छापून, नावानिशी. टिळकांच्या चरित्रासाठी मुलाने आठवणी मागितल्या, आणि आईने त्याच्या वडिलांचा संताप, उधळपट्टी, घर सोडून जाणं, सगळं त्याच्या हातात दिलं. ज्या बाईला फक्त नवऱ्याची अब्रू सांभाळायची आहे, ती असं लिहीत नाही. टिळकांनी सुरू केलेलं आणि अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्यही तिनेच पुढे नेलं, आणि त्यातला फार मोठा भाग तिचा आहे. ही बाई नवऱ्याच्या सावलीत बसून त्याचं कौतुक करत नव्हती. ती त्याच्या बरोबरीने काम करत होती, आणि बरोबरीच्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलत होती.

अकोल्याची नव्हे, अकोल्यातली: ‘बलुतं’

या विचाराची परीक्षा घ्यायची तर याच जिल्ह्यातलं दुसरं पुस्तक घ्यायला हवं. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार आणि त्यांचं १९७८ सालचं ‘बलुतं’. (विदर्भातला अकोला वेगळा. हे अकोले सह्याद्रीच्या पायथ्याचं.) लक्ष्मीबाईंनी ज्या समाजाकडे बघायला शिकण्यात काही वर्षं घालवली, त्या समाजाच्या आतून हे पुस्तक लिहिलेलं आहे. बलुतं म्हणजे गावकीची कामं करून महारांना मिळणारा धान्याचा वाटा. तो हक्क म्हणवला जायचा आणि भिकेसारखा दिला जायचा.

इथे ‘गावातल्या लोकांमधलं चांगलं बघ’ असं दया पवारांना कुणी म्हणालं तर? तो सल्ला क्रूर होईल. ज्या व्यवस्थेने माणूस म्हणून मोजलंच नाही, तिच्यातले बरे लोक शोधत बसणं ही पवारांची जबाबदारी नाही, आणि त्यांनी ती घेतलीही नाही. पण पुस्तक त्यामुळे कडवट होत नाही. आपल्या माणसांकडे, मुंबईच्या कावाखान्यात राहणाऱ्या नातलगांकडे, दारू पिणाऱ्या वडिलांकडे, राबणाऱ्या आईकडे ते अशाच न झाकणाऱ्या नजरेने बघतं. वडिलांचं व्यसन त्यात आहे, आणि त्या माणसाची ओढही आहे. आपल्याच लोकांचं इतकं उघडं कशाला मांडलं, अशी नाराजी तेव्हा काही दलित वाचकांनीही व्यक्त केली होती. आणि स्वतःबद्दल? दगडू मारुती पवार आणि दया पवार असे स्वतःचेच दोन भाग समोरासमोर बसवून लेखक स्वतःची उलटतपासणी करतो. स्वतःला तो सगळ्यांत कमी सूट देतो.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. चांगलं बघणं हे ज्याने भोगलं त्याचं देणं नसतं. मागून घेतलं की त्याची सक्ती होते, आणि सक्तीने दिसलेलं चांगलं खोटं असतं. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मोठं आहे, कारण त्यांच्याकडून ते कुणी मागून घेतलेलं दिसत नाही. त्यांनी ते आपल्या मर्जीने दिलं. आणि ‘बलुतं’ मोठं आहे, कारण जिथे देणं शक्य नव्हतं तिथे पवारांनी दिल्याचं नाटक केलं नाही. दोघांनाही जमलेली गोष्ट एकच. माणसाबद्दल जे खरं आहे, ते आधी सगळं कागदावर आलं पाहिजे.

कुठून सुरुवात करावी

विजया मेहतांनी १९८२च्या सुमारास ‘स्मृतिचित्रे’वर टीव्हीसाठी चित्रपट केला. त्यात लक्ष्मीबाई सुहास जोशींनी उभ्या केल्या आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना द्यायचं असेल तर शांता गोखल्यांचा २०१७चा अनुवाद आहे. पण मराठी येत असेल तर मूळच वाचा, आणि शक्यतो संक्षिप्त आवृत्ती वाचू नका. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती घ्या. निवडक उताऱ्यांत गमती उरतात, आणि मग पुस्तक सकाळच्या सूर्योदयाच्या मेसेजसारखं वाटू लागतं. पूर्ण पुस्तकात गमतीच्या आधीचं आणि नंतरचं पानही असतं.

एकदम सगळं वाचायची गरज नाही. आधी नानांच्या सोवळ्याची पानं वाचा. मग मध्ये उघडून नगरचं बिऱ्हाड आणि राहुरीचे दिवस वाचा. वाचताना आपल्या ओळखीतला एखादा माणूस मनात आणा. फार जवळचा नको, पण ज्याचं नाव निघालं की तुमचा चेहरा बदलतो असा. त्याने काय केलं ते सगळं आठवा, एकही गोष्ट गाळू नका. मग त्याच्याबद्दल तुम्हाला माहीत असलेली, पण तुम्ही कधी कुणाला न सांगितलेली एखादी चांगली गोष्ट आहे का, ते बघा. असेल तर तीही त्याच यादीत लिहा. नसेल तर यादी तशीच राहू द्या. लक्ष्मीबाईंनी ती पुरी करायला चाळीस वर्षं घेतली होती.